एफपीव्ही ड्रोन, नऊ महिने वापरून झाल्यावर (सोलापूरवाल्यांसाठी खास)

ऑगस्टमध्ये घेतलं, आता मे चालू आहे, म्हणजे नऊ महिने झाले. घ्यायच्या आधी चार रात्री जागून व्हिडिओ बघितले होते, त्यातले निम्मे परदेशातल्या हिरव्यागार मोकळ्या मैदानात उडवणाऱ्यांचे, ज्याचा जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला शून्य उपयोग. म्हणून हे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण मला रोज कुणीतरी विचारतं. लग्नात फोटोग्राफर उडवतो तो ड्रोन वेगळा. त्याच्या रिमोटच्या काड्या सोडल्या की तो हवेत गप उभा राहतो, जीपीएस असतं, स्वतः परत येतो. आपला एफपीव्ही, म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू, तसला नाही. ह्याच्या नाकावर कॅमेरा, चित्र थेट डोळ्यावरच्या गॉगलमध्ये, आणि उडवायचं सगळं हातानं. काड्या सोडल्या की हवेत थांबत नाही. डावीकडची थ्रॉटलची, म्हणजे वर-खाली नेणारी काडी स्प्रिंगनं मध्येपण येत नाही, जिथं ठेवाल तिथं राहते, आणि पहिल्या दिवशी ह्याच एका गोष्टीनं माझा ड्रोन छताला जाऊन आपटला, कारण घाबरल्यावर मी काडी सोडून दिली आणि ती होती तिथंच वर राहिली.

माझा सेट असा. रिमोट रेडिओमास्टरचा पॉकेट. ड्रोन म्हणजे टायनी व्हूप, ६५ मिलिमीटरचा, हे माप एका मोटरपासून तिरक्या समोरच्या मोटरपर्यंतचं. कडक भाकरीवर ठेवला तर चहूबाजूंनी भाकरी उरते एवढाच. बॅटरीसकट तीस ग्रॅमच्या आसपास. पंखे ३१ मिमीचे, भोवती प्लॅस्टिकचं कडं, त्यामुळं भिंतीला घासला तरी भिंत शाबूत आणि पंखापण शाबूत. गॉगल डब्यासारखा, ॲनालॉगचा, स्वस्तातला. बॅटऱ्या सहा, एक सेलच्या, ३०० एमएएच. सगळं मिळून पंचवीस हजाराच्या थोडं आत बसलं. घरी अठरा सांगितलंय.

ड्रोन पुण्याच्या एका हॉबी शॉपकडून सुटे भाग जुळवून घेतला, कारण फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून मागवायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळं बाहेरच्या साइटवर तयार किट दिसलं म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका, कस्टममध्ये अडकून बसेल.

आता मुख्य मुद्दा, आणि पूर्ण रिव्ह्यू वाचायचा कंटाळा असेल तर एवढाच वाचा. पैसे रिमोटवर घाला, आणि ड्रोन यायच्या आधी रिमोट मागवा. मी उलटं केलं. ड्रोन आधी आला, रिमोट दोन आठवड्यांनी, आणि ते दोन आठवडे मी रिकामा ड्रोन हातात धरून आवाज काढत बसलो होतो. रिमोट टाइप सी वायरनं लॅपटॉपला लावला की तो गेमच्या जॉयस्टिकसारखा चालतो आणि सिम्युलेटरवर शिकता येतं. माझा जुना आय थ्री लॅपटॉप, लिफ्टऑफ नावाचा सिम्युलेटर अडकत अडकत चालायचा, व्हेलोसीड्रोन ह्या दुसऱ्याच्या सेटिंग एकदम खाली आणल्यावर ते बरं चाललं. साधारण वीस तास मी सिम्युलेटरवर घालवले आणि मी सांगतो त्यातले पहिले पाच तास निव्वळ अपमान. एका गेटमधून जायचंय, फक्त एका, आणि ते जमत नाही. मोबाईलवर टचस्क्रीनवाले गेम खेळून शिकू म्हणत असाल तर वेळ वाया, बोटांना सवय काडीची लागायला पाहिजे. पॉकेटमध्ये दोन १८६५० सेल लागतात आणि ते सोबत येत नाहीत हे मला डबा उघडल्यावर कळलं, तेव्हा ते आधीच घेऊन ठेवा.

अँगल मोडमध्ये शिकू नका. म्हणजे पहिले दोन दिवस ठीक आहे. अँगल मोडमध्ये काडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो, बरं वाटतं, पण तीच सवय लागते. ॲक्रोमध्ये ड्रोन जेवढा वाकवला तेवढाच वाकलेला राहतो, सरळ करायचं काम तुमचं. मी महिनाभर अँगलमध्ये उडवत बसलो आणि मग ॲक्रोला गेल्यावर सगळं पहिल्यापासून. वळताना नुसतं डावीकडं कलवून चालत नाही, त्याच वेळी यॉ पण द्यावा लागतो, म्हणजे नाक त्या बाजूला फिरवावं लागतं, आणि कललेला असल्यामुळं उंची पडते म्हणून थ्रॉटल थोडा चढवावा लागतो, हे तीन एकदम, वाचून नाही कळत. सायकल शिकल्यासारखं एका संध्याकाळी अचानक जमतं आणि दुसऱ्या दिवशी परत जात नाही.

पहिले आठ दिवस मळमळायचं. शरीर खुर्चीत आणि डोळे छतावर फिरतायत, पोटाला कळत नाही काय चाललंय. उभं राहून उडवायचं नाही, भिंतीला पाठ टेकून बसायचं, एका बॅटरीनंतर गॉगल काढून खिडकीबाहेर बघायचं. माझा चष्मा आहे, गॉगलमध्ये चष्म्यासकट डोकं घातलं की काच घासते, एका काचेवर ओरखडा पडलाच. वर एप्रिलपासून सोलापूरचा उन्हाळा, घाम, वाफ धरते, रुमाल कपाळावर बांधून उडवतो. दिसायला कसा दिसतो ते विचारू नका. गॉगलची स्वतःची बॅटरीपण थापाडी आहे, तीन कांड्या दाखवते आणि पाच मिनिटांनी बंद पडते. गॉगलवरच मी सगळ्यात जास्त पैसे वाचवले आणि तिथंच सगळ्यात जास्त पस्तावलो.

सेटिंगचं सांगतो कारण इथं लोक सोडून देतात. रिमोट आला, ड्रोन होता, दोघं एकमेकांशी बोलेनात. दोन संध्याकाळी गेल्या. दोन्हीत ईएलआरएस (रिमोट आणि ड्रोनला जोडणारी रेडिओ सिस्टिम) आहे असं लिहिलेलं, बाइंडिंग फ्रेज, म्हणजे जोडणीचा पासवर्ड, तोच, तरी नाही. शेवटी कळलं की रिमोटमध्ये ईएलआरएसचं व्हर्जन तीन आणि ड्रोनच्या बोर्डमध्ये जुनं बीटाफ्लाइट ४.३ (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर), ज्याच्यासोबत व्हर्जन दोन येतं, आणि ह्या दोन व्हर्जनची आपसात सोयरीक होत नाही. शॉपवाल्याला फोन केला तर म्हणाला, अपडेट करा की साहेब. मग ४.४ टाकलं आणि टाकायच्या आधी जुन्या सेटिंग कॉपी करून ठेवल्या नाहीत, तर मोटरच्या दिशा गेल्या. आर्म केला, म्हणजे मोटर चालू केल्या, थ्रॉटल दिला, ड्रोन जागच्या जागी पलटी. परत दिला, परत पलटी. मला वाटलं बोर्ड गेला. चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या दिशेनं आणि दोन उलट फिरतात, त्यातलं काहीही चुकलं की असंच होतं. तेव्हा काहीही करायच्या आधी बीटाफ्लाइटमध्ये डिफ ऑल (diff all) ही कमांड टाइप करून जे येईल ते फाइलमध्ये ठेवून द्या, आणि मोटर टेस्ट करताना पंखे काढा. एवढासा पंखापण बोट कापतो.

आता उडवायचं कुठं. सोलापूरचा हाच खरा प्रॉब्लेम आहे. होटगी रोडचं विमानतळ शहराला चिकटून. त्याच्यासाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, ९ जून २०२५ पासून गोव्याचं विमानपण सुरू झालं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत ग्रीन झोन, म्हणजे परवानगी लागत नाही, त्याच्या पलीकडं चारशे फूट. नकाशावर आठ किलोमीटरचा गोल काढून बघा, जवळजवळ सगळं शहर आत. अडीचशे ग्रॅमच्या आतला नॅनो असला म्हणून पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही एवढंच, झोनमधून सूट नाही. डिजिटल स्काय ह्या सरकारी साइटवरचा नकाशा उघडून स्वतः बघा, माझ्यावर विसंबू नका. आमचा एक मित्र म्हणला, "गड्ड्याला नंदीध्वजाची मिरवणूक वरनं शूट करू बे, व्हायरल होईल." (गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा.) त्याला म्हणलं, तू खालीच थांब आणि तुझ्याच डोक्यावर पाडतो. लाखभर माणसाच्या डोक्यावर हे असलं उडवायचं नसतं.

मग आम्हाला सापडली ती जागा, त्यासाठी मी त्या मित्राचा सगळा मूर्खपणा माफ केलाय. त्याच्या चुलत्यांचं अक्कलकोट रोडला पॉवरलूमचं शेड आहे, टॉवेलचं, दोन वर्षं बंद. अर्धे माग विकले, अर्धे तिथंच. उंच पत्रे, लोखंडी खांब, मागांच्या मधून गल्ल्या. एवढा भारी ट्रॅक पैसे देऊन मिळायचा नाही. मागाच्या चौकटीखालून शिरायचं, खांबाला वळसा, वरच्या पट्ट्याच्या शाफ्टवरून पलीकडं. चार नंबरच्या मागावर जुनी चादर टाकलीय, ते आमचं हेलिपॅड.

पण तिथं एक भानगड आहे जी कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. तिसऱ्या दिवशी ड्रोन एका बाजूला ओढायला लागला आणि एक मोटर चटका बसेल एवढी गरम. पंखा काढून बघितलं तर खाली शाफ्टवर पांढऱ्या सुताचा एकच धागा, इतका घट्ट गुंडाळलेला की आधी मला तो मोटरचाच भाग वाटला. चिमट्यानं टोक सापडेना. सुई तापवून धागा एका जागी जाळला आणि मग ओढला तर वीतभर निघाला. जमिनीवर उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं सुताचा कचरा उडतो आणि तोच आत ओढला जातो. आता आधी खराटा मारतो, मग उडवतो, तरी दर चार-पाच बॅटऱ्यांनी पंखे काढून बघावं लागतं. चुलते येऊन बघून गेले, म्हणाले, "दोन वर्षं माग बंद आहेत पण सूत काय सोडत नाही बघा."

चित्राचं म्हणाल तर ॲनालॉग आहे, अँटेना हलवल्यावर जुन्या टीव्हीवर यायच्या तशा मुंग्या येतात. शेडमध्ये लोखंड असल्यानं खांबाच्या मागं गेलं की मुंग्या वाढतात, पण चित्र हळूहळू जातं, एकदम काळं होत नाही, त्यामुळं मागं फिरायला वेळ मिळतो. आज्जीच्या वाड्यात मात्र दगडी भिंत ओलांडली की संपलं. आणि दोघं उडवत असाल तर चॅनल आधी ठरवा. मी हवेत असताना मित्रानं माझ्याच चॅनलवर बॅटरी जोडली, मला गॉगलमध्ये अचानक त्याचं हेलिपॅड दिसायला लागलं, चादरीवरची नक्षी अगदी स्पष्ट, आणि माझा ड्रोन कुठंतरी खाडकन आपटल्याचा आवाज.

बॅटऱ्या. एका बॅटरीत तीन, फार तर चार मिनिटं. सहा बॅटऱ्या म्हणजे वीस मिनिटांचा खेळ आणि नंतर तासभर चार्जिंग, एवढं मनात धरूनच या. उडताना साडेतीनच्या खाली व्होल्टेज गेलं की उतरवा. दोन बॅटऱ्या मी हावरटपणानं तीनच्या खाली नेल्या, दोन्ही शेंगेसारख्या फुगल्या. फुल चार्ज करून आठवडाभर ठेवू नका, ३.८ वर ठेवा. मेमध्ये गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही आणि रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. आईनं कुंडीतली माती काढून ती रिकामी कुंडी दिलीय, चार्जिंग त्यात होतं.

एकदा आपटून बॅटरीची वायर बोर्डापासून उपटली. मला सोल्डरिंग येत नाही. नवी पेठेत एका मोबाईल रिपेअरवाल्याकडं गेलो, त्यानं भिंगाखाली धरलं, लाल काळी कुठली ते दोनदा विचारलं, पाच मिनिटांत असं टाकलं की कंपनीचं वाटेल. पन्नास रुपये घेतले आणि म्हणाला, "दादा, एकदा डोळ्याला लावून दाखवा की." काउंटरवरून उठून दारापर्यंत उडवून आणला, त्यानं गॉगलमध्ये स्वतःलाच पाठीमागून बघितलं आणि केस गेल्याचं त्याला तेव्हा कळलं म्हणे. तेव्हापासून बिचारा पैसे घेत नाही.

बाहेर उडवायचं झालं तर मामाकडं मंगळवेढ्याला. काळं रान, सपाट, विमानतळ लांब. नान्नजकडं जवळ पडेल म्हणाल तर तिकडं माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडचं नावच काढू नका. मामानं आधी पोलीस पाटलांना सांगून ठेवलं, कारण २०२४ मध्ये मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी होती ते लोक विसरलेले नाहीत. दिवसाच उडवतो, शेजारी मामेभाऊ उभा, कारण गॉगलमध्ये मला मागून येणारा बैलपण दिसत नाही. जानेवारीत ज्वारी उभी होती, डोक्याच्या वर. व्हूप त्यात पडला. सिग्नल तुटला की मोटर बंद होऊन खाली पडेल असं फेलसेफ लावलेलं, ते बरोबरच आहे, पण मग शोधायचा कसा? मोटरच बारीक पी पी आवाज करतात, रिमोटवर त्याला एक स्विच लावलेला होता म्हणून वाचलो. वाऱ्यानं ज्वारीची सळसळ, त्यात तो आवाज, बॅटरी उतरत चाललेली. मामीनं ऐकला. म्हणाली, "रातकिडा भरदुपारी कसा ओरडायलाय?" तिथंच होता, कणसात नाही, बुडाशी ढेकळावर. आता बाहेर जाताना केशरी टेप लावून जातो. आणि व्हूप वाऱ्यात काही कामाचा नाही हेही ऐकून ठेवा, झुळूक आली की वाहत जातो, सकाळी साडेसातच्या आत जे काय ते.

नऊ महिन्यांचा खर्च म्हणाल तर पंख्यांचे पाच-सहा सेट, एक फ्रेम, दोन मोटर, चार बॅटऱ्या. रिमोटवर एक रुपया नाही. पाच इंची ड्रोन घेऊ का असं दर आठवड्याला वाटतं, पण अजून उलटा वळसा घेऊन खाली यायला चारातून एकदा जमतं, आणि ते मोठं धूड तीस ग्रॅमचं नसतं, लागलं तर टाके पडतात. तर अजून नाही. पुढच्या वेळी बदलायचं झालं तर फक्त गॉगल.

शेडचं मात्र अवघड झालंय. चुलते जूनपासून गोडाऊनला भाड्यानं देतायत, पार्टी बघून गेली. कुणाच्या ओळखीत एमआयडीसीत किंवा पूर्व भागात बंद पडलेलं शेड असेल तर कळवा. झाडून आम्ही घेऊ, चादर आमची आहे.