दर्शनिका: कपाटातली की फोनमधली?

गावावर पुस्तिका लिहायची आहे, शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढायची आहे, किंवा नुसतीच खाज आहे, अशा कारणांनी जिल्ह्याची जुनी दर्शनिका (गॅझेटिअर) नाहीतर गाववार आकड्यांची जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका शोधणारे लोक आमच्या परभणीकडं आता बरेच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ग्रंथालयात जाऊन बसावं, की स्कॅन केलेली प्रत उतरवून घ्यावी? सेलू तालुक्यातल्या आमच्या गावावर लिहिताना मी दोन्ही करून बसलोय, म्हणून हे चार शब्द.

आधी एक गल्लत निस्तरू. मराठा-कुणबी दाखल्यांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पानटपरीपर्यंत पोचला आणि गॅझेट व गॅझेटिअर एकच, असं लोक समजायला लागले. गॅझेट म्हणजे राजपत्र. गॅझेटिअर म्हणजे दर्शनिका: जिल्ह्याचं वर्णन, पिकं, बाजार, लोकसंख्या, समाजवार आकडे. तिच्यात तुमच्या पणजोबांचं नाव सापडणार नाही. नाव हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जा, पुढचं वाचू नका.

आता ग्रंथालय. आपल्याकडं दर्शनिका मिळणं मुळात अवघड का, हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या दर्शनिकांचा संच पुण्या-नाशिककडं कौतुकानं दाखवतात. त्यात आपण नाहीच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात. त्यामुळं आपल्या वाट्याला १८८४ ची औरंगाबाद जिल्ह्याची दर्शनिका, १९०९ चा हैदराबाद संस्थानाचा एक खंड, आणि मग थेट महाराष्ट्र झाल्यावरची मालिका: परभणी १९६७, बीड १९६९, नांदेड १९७१, उस्मानाबाद १९७२, औरंगाबाद १९७७. साठच्या दशकात या कामाची धुरा सेतुमाधवराव पगडींकडं होती. माणूस निलंग्याचा, हैदराबादच्या नोकरीत मुरलेला, उर्दू-फारसी जाणणारा. लातूर (१९८२), जालना (१९८१), हिंगोली (१९९९) हे जिल्हे नंतरचे, म्हणून कळमनुरीच्या माणसानं परभणीचा खंड मागावा. 'हिंगोलीचा द्या' म्हणालात तर 'नाही' हेच उत्तर येणार, आणि ते खरंच असतं.

शिवाय १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची प्रत जाते ती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांत. सरकारी प्रकाशनंही त्यात येतात, फक्त 'कार्यालयीन उपयोगासाठी' असलेली वगळून. मराठवाड्यात असं ग्रंथालय एकही नाही. इथल्या कपाटात जे आहे ते कुणीतरी विकत घेतलेलं किंवा कुण्या निवृत्त अधिकाऱ्यानं दिलेलं. मध्येच एखादा खंड नाही, तर का नाही हे कुणाला विचारणार?

तरी ग्रंथालयाची बाजू भक्कम आहे. मी १९६१ ची हस्तपुस्तिका मागितली, तर ग्रंथपाल मॅडमनी शेजारची १९५१ ची पण काढून ठेवली, हैदराबाद राज्याच्या काळातली. 'सर, ही पण बघा, आकडे ताडून बघता येतील.' ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते शोधपेटीत टाकणार कसं? दुसरं म्हणजे गाववार तक्ते. ते समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले असतात: डावीकडं गावाचं नाव, क्षेत्र, घरं, उजवीकडं साक्षर किती, कसणारे किती. कागदावर पट्टी आडवी ठेवली की झालं. स्कॅनमध्ये हीच पानं एकाखाली एक येतात आणि माणूस वर-खाली करून वेडा होतो. बांधणीच्या घळीत गेलेला शेवटचा रकाना तर गेलाच. नकाशाची घडी न उलगडताच स्कॅन केलेल्या प्रतीही मी पाहिल्यात. सगळ्याच तशा असतील असं नाही.

गावांच्या नावांचं तर विचारू नका. इंग्रजी स्पेलिंग कसंही असतं, खुर्द-बुद्रुकचं 'खु.', 'बु.' झालेलं. शोधून गाव मिळालं नाही म्हणजे गाव नाही असं समजू नका. तालुक्याच्या यादीतून बोट फिरवत जा.

इतकं सगळं असूनही माझं मन कुठं फिरलं ते सांगतो. ग्रंथालयाचं नाव घेत नाही, जुनं आणि चांगलं आहे. तिसऱ्या खेपेला मला आमचं गाव तेव्हा ज्या तालुक्यात होतं त्याचा नकाशा आणि त्यामागचं गावांच्या यादीचं पान हवं होतं. हस्तपुस्तिकेचा खंड आला, धूळ झटकली, पान उघडलं, तर तिथं बांधणीला चिकटलेली बोटभर पट्टी. ब्लेडनं सरळ कापलेलं. बाकीच्या तालुक्यांचे दोन नकाशे तसेच गेलेले. सातशे पानांच्या खंडात ज्या पानांना कधी कुणी हात लावला नाही ती कोरी करकरीत, आणि ज्याला गिऱ्हाईक तेच पान गायब. मॅडम कसनुशा झाल्या. म्हणाल्या, 'सर, तुम्ही आलात तेव्हाच नव्हतं, एवढं लिहून देता का? नाहीतर माझ्यावर येईल.' दिलं लिहून. सेलूहून येऊन-जाऊन दिवस मोडला होता, रजा गेली होती.

आधी ज्यानं ते कापलं त्यालाही त्याच्या गावावरच काहीतरी लिहायचं असणार. म्हणून राग धड येत नाही. पण एकुलती प्रत म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

घरी येऊन जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून तीच हस्तपुस्तिका उतरवली. पान होतं. थोडं तिरकं, पण पूर्ण. मग दोन पानांची खटपट सोडवली: पीडीएफ वाचण्याच्या ॲपमध्ये दोन पानं शेजारी दिसतील आणि मुखपृष्ठ एकटं राहील अशी मांडणी लावा. मध्ये एखादं कोरं पान स्कॅन करायचं राहिलं असेल तर जोड्या चुकतात, तिथून पुढं हातानं सरकवा. मी आमच्या तालुक्याची तेवढी पानं छापून स्पायरल करून घेतली, पट्टी आता त्यावर ठेवतो. दर्शनिका विभागाचे खंडही स्कॅन होऊन संकेतस्थळावर आहेत. सापडलं की लगेच उतरवून घ्या, नुसता पत्ता लिहून ठेवू नका. सरकारी पत्ते बदलतात.

शासन निर्णयांबाबत तर तुलनाच नको. खाली संकेतांक असतो, तो टाकला की कागद समोर.

निजामकाळच्या उर्दू जरीद्याचं, म्हणजे राजपत्राचं, काम असेल तर मात्र फोन बाजूला ठेवा, उर्दू वाचणारा माणूस सोबत घ्या आणि हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागाराची वाट धरा.

बाकी कामाला मी म्हणेन: आधी उतरवून घ्या, पाहिजे ती पानं छापा, मग ग्रंथालयात जा. विचारायला जा, बघायला नको. माझा अनुभव एका जिल्ह्याचा. लातूरकरांची कपाटं जास्त नीट असतीलही.

मागच्या महिन्यात त्या कापलेल्या पानाची स्वच्छ छापील प्रत घेऊन मी मॅडमकडं गेलो. त्यांना आनंद झाला, पण चिकटवायला हात धजेना. 'सर, खंडाला दाखल क्रमांक आहे. या पानाला कुठला देऊ?' शेवटी ते त्या बोटभर पट्टीशेजारी सुटंच ठेवलंय.