पगारी की कन्सल्टंट? सहा लाखांच्या दोन ऑफर

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी दोन ऑफर लेटरं घेऊन आली. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दोन वर्षांचा अनुभव. एका पत्रात 'वार्षिक सीटीसी 6 लाख' (सीटीसी म्हणजे कंपनीचा माणसामागचा एकूण खर्च), दुसऱ्यात 'रिटेनर कन्सल्टंट, दरमहा 50,000, टीडीएस कापून' (म्हणजे ठरावीक मासिक फी, आधीच आयकर कापून). "दादा, दोन्हीकडे सहाच लाख. पण कन्सल्टंटला पीएफबिएफ काही कापत नाहीत. मग तेच घेऊ ना?"

मी पगारपत्रकं बनवणारा माणूस, आणि त्याआधी तीन वर्षं स्वतः असाच 'कन्सल्टंट' होतो. म्हणून चहा होईपर्यंत कागद-पेन काढलं.

आधी पगारी नोकरी. मूळ पगार 25,000 धरू. कंपनी स्वतःचा पीएफचा हिस्सा 12 टक्के, म्हणजे 3,000, सीटीसीतच धरते. (मालकाचा हिस्सा नोकराच्याच पॅकेजमध्ये दाखवायची ही रीत इतकी मुरलीय की आता कुणाला खटकतही नाही.) ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, साधारण 1,200. उरले 45,800. त्यातून तिचा पीएफचा हिस्सा 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 42,600. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच, म्हणजे 1,800 भरतात. मग हातात थोडे जास्त येतात आणि खात्यात थोडे कमी साठतात.

आता कन्सल्टंट. 50,000 मधून 10 टक्के टीडीएस, बँकेत 45,000. रिटर्न भरलं की कापलेले 5,000 परत मिळतात, म्हणजे खरे 50,000. फरक महिन्याला 7,400 चा. मुलीचे डोळे चमकले. पण पलीकडच्या बाजूला पीएफ खात्यात दोन्ही हिस्से मिळून 6,000 (त्यातले 1,250 पेन्शन योजनेत वळतात), ग्रॅच्युइटीचे 1,200 आणि व्यवसाय कराचे 200. बेरीज बरोब्बर 7,400. व्यवसाय कर कन्सल्टंटलाही चुकत नाही. त्याने स्वतः नोंदणी करून वर्षाचे 2,500 भरायचे असतात. राज्यात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, पण हिचा पगार त्याच्या वर.

म्हणजे पैशात दोन्ही ऑफरी सारख्याच. एकच खाच आहे: ग्रॅच्युइटी मिळायला कायम नोकरीत 5 वर्षं काढावी लागतात. त्याआधी सोडलं तर ते 1,200 कागदावरच राहतात. मुदतीच्या करारावर असाल तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ही अट एका वर्षावर आणली आहे.

"पण कन्सल्टंटला टॅक्स कमी लागतो म्हणतात." म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण कुणासाठी ते बघ. तांत्रिक सल्लागारासारख्या ठरावीक व्यावसायिकांना निम्मी जमा हाच नफा धरून कर भरता येतो. सीए लोक याला आयकराच्या कलमावरून '44एडीए' म्हणतात. समजा वर्षाला 24 लाख येतात. निम्मे म्हणजे 12 लाख, आणि नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत कर शून्य. तेवढ्याच पगारावर नोकरदाराला जवळपास 2 लाख 92 हजार भरावे लागतात. या आकड्यांसाठी माणसं कन्सल्टंट होतात, आणि त्यांचं चुकतंही नाही. फक्त 20 लाखांच्या वर गेलं की जीएसटी लागतो. पण सहा लाखांवर? नोकरीतही कर शून्य, कन्सल्टंटलाही शून्य. वाचवायला मुळात करच नाही. मग या पगाराच्या पोरांना कन्सल्टंट करण्यात फायदा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

तो फायदा ऑफर लेटरमध्ये दिसत नाही, कारण तो रजेत असतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा, 8 भरपगारी सुट्ट्या, वर दर 20 दिवसांच्या कामामागे एक हक्काची रजा. सगळं मिळून महिनाभर होतं. कन्सल्टंट त्या दिवशी आला नाही तर बिलातून दिवस कापतात, म्हणजे तेवढ्याच कामाचे नोकरदाराला बारा महिन्यांचे पैसे, कन्सल्टंटला अकरा महिन्यांचे. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी नोकरदार बाईला मिळते, आधीच्या वर्षात 80 दिवस काम झालेलं असलं की बास. कन्सल्टंटला शुभेच्छा मिळतात.

माझी तीन वर्षं अशीच गेली. साडेनऊला मशीनवर अंगठा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, रजेसाठी साहेबाला मेल, दुसरीकडे काम घ्यायला करारातच बंदी. आणि दर महिन्याला मी कंपनीला 'इन्व्हॉइस' पाठवायचो, ज्याचा नमुना एचआरनेच दिला होता! प्रोजेक्ट संपलं तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, सोमवारपासून येऊ नका. नोटीस नाही, कारण मी नोकर नव्हतोच म्हणे.

म्हणे, असं लिहितोय, कारण करारात काय नाव दिलंय यावर कायदा थांबत नाही. ही भानगड आयटीवाल्यांनी काढलेली नाही. 1960 च्या आसपास सर्वोच्च न्यायालयात विडी कामगारांची दोन प्रकरणं गेली, एक नागपूरचं, एक सिन्नरचं. दोन्हीकडे नगावर मजुरी, दोन्हीकडे वाद पगारी रजेचा. नागपूरचे कामगार कारखान्यात बसून वळत, हजेरी लागे, उशिरा आलेल्याला काम मिळेलच असं नसे, खराब विड्या बाद होत. कोर्ट म्हणालं, मालकाचं नियंत्रण आहे, हे कामगारच. सिन्नरच्या माणसावर यायचं-जायचं कसलंच बंधन नव्हतं, कामावर देखरेख नव्हती. तिथे बहुमताने निकाल उलटा लागला. पुढे 1966 साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी वळणारेही त्यात आले.

तेव्हा दुसरं पत्र नागपूरचं आहे की सिन्नरचं, हे तपासायचं. वेळ कोण ठरवतं? लॅपटॉप कुणाचा? दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम घेता येतं का? आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का? मुलीच्या पत्रात दहा ते सात हजेरी, कंपनीचा लॅपटॉप आणि 'इतरत्र काम करता येणार नाही' हे तिन्ही होतं. अंगात नोकरी, फक्त टोपी कन्सल्टंटची.

पगारी ऑफरही डोळे झाकून घेऊ नये. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि खात्यात येतच नाही, हा प्रकार लहान कंपन्यांत सर्रास बघितलाय. यूएएनचं (पीएफच्या कायम क्रमांकाचं) पासबुक पहिल्या तीन महिन्यांत उघडून बघायचं. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, आणि सोडल्यावर हिशेब दोन कामाच्या दिवसांत, असं वेतन संहिता सांगते. 'फुल अँड फायनल 45 दिवसांनी' हे वाक्य मात्र अजून बऱ्याच पत्रांत तसंच आहे. तिच्याही होतं. ते बदलून मागायला सांगितलं.

ठेकेदाराच्या पेरोलवरची तिसरी ऑफर कुणाला आली तर ती या दोहोंच्या मधली. पीएफ, रजा मिळते, फक्त पगार ठेकेदाराने बुडवला तर मूळ कंपनीकडे मागायचा हक्क आहे हे लक्षात ठेवायचं.

मुलीला मी म्हटलं, कन्सल्टंटच व्हायचं असेल तर 60,000 च्या खाली नाही, दुसरीकडे काम न घेण्याचं कलम काढायचं, आणि एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी लिहून घ्यायची. तिने तसा मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: नोटीस देता येणार नाही, बाकीचं बघू. ती पगारी नोकरीत रुजू झाली.

आधीच दुसऱ्या प्रकारात अडकला असाल तर हजेरीचे स्क्रीनशॉट, रजेचे मेल, ओळखपत्राचा फोटो आणि बँकेची स्टेटमेंट कंपनीच्या लॅपटॉपबाहेर कुठेतरी ठेवा. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, पीएफची तक्रार पीएफ कार्यालयाकडे आणि बाकीची कामगार आयुक्तांकडे जाते. मी माझे मेल जपले नव्हते. शुक्रवारी रात्रीच लॉगिन बंद झालं होतं.