करंजाचं सांगून पाम-जवसाचं बायोडिझेल: जनरेटरवाल्यांनो, सावध राहा

तासगावात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. लाइट गेली की सगळा भार जनरेटरवर, नाहीतर शेतकऱ्यांचा माल धोक्यात. सांगलीकडच्या एका पुरवठादाराने ‘शंभर टक्के करंजाचं’ म्हणून बायोडिझेलचे बॅरल दिले, सोबत लॅबचा रिपोर्ट. त्यात आयोडीन व्हॅल्यू (तेलात हवेशी पटकन जुळणारे दुहेरी बंध सरासरी किती, त्याचं माप) 85. करंज तेलाची 80 ते 90 च्या घरातच असते, त्यामुळे कागदावर सगळं चोख.

ऐन एप्रिलात लाइट गेली आणि जनरेटर भार घेईना. फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्या तांबूस चिकट थराने लिंपलेल्या. बोटाला लागलेलं डिझेलने पुसलं तरी निघेना. वास ऑइलपेंटचा. मिरजेच्या पंपवाल्या मिस्त्रींनी पंप खोलला, तर आत प्लंजर अडकून बसलेला. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, ‘‘बायोडिझेल जरा गोठतंच हो.’’ तासगावच्या एप्रिलात! मिस्त्रींनी फिल्टरचा तुकडा गरम पाण्यात धरला. गोठलेलं मेण असतं तर वितळलं असतं, हे तसंच राहिलं.

मग नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीला पाठवला. लिनोलेनिक हे फॅटी ॲसिड (तेल ज्यांचं बनतं त्या घटकांपैकी एक) 13 टक्क्यांच्या आसपास निघालं. करंजात ते थोडंसंच असतं, जवसाच्या तेलात मात्र निम्म्याच्या आसपास. उरलेल्या फॅटी ॲसिडांचं प्रमाण पाम तेलासारखं. आता हिशोब बघा: पामची आयोडीन व्हॅल्यू 50-55, जवसाची 170 च्या वर. तीन भाग पाम, एक भाग जवस घातलं की सरासरी 85 वर येते. रिपोर्ट खोटा नव्हताच, तेल खोटं होतं. हे मला सर्वात संतापजनक वाटतं, कारण हा आकडा जुळवून आणायला रसायन कळणारा माणूस लागतो.

तेल खराब होणं सरासरीवर ठरत नाही. लिनोलेनिकमध्ये तीन दुहेरी बंध असतात, त्यांच्यामधल्या जागी ऑक्सिजन पटकन शिरतो. पेरॉक्साइड (ऑक्सिजन जोडलेले अस्थिर रेणू) तयार झाले की साखळी सुरू होते, शेजारचे रेणूही ओढले जातात आणि एकमेकांना जोडून गोंद बनतो. सुताराने लावलेलं जवसाचं तेल लाकडावर वाळतं ते याच गुणामुळे. म्हणजे पाम टिकाऊ असलं तरी मिश्रण त्याच्याइतकं टिकत नाही. पत्र्याच्या शेडमधलं ऊन, अर्धा रिकामा बॅरल, तांब्याची नळी यांनी वेग आणखी वाढतो. रोज धावणाऱ्या टेम्पोत तेल लवकर संपतं; जनरेटरच्या टाकीत ते पडून राहतं, म्हणून आपल्याला धोका जास्त.

युरोपच्या ईएन 14214 मानकात आयोडीन व्हॅल्यूला 120 ची मर्यादा आहेच, शिवाय लिनोलेनिकला 12 टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे. ती का, हे आता कळलं असेल. नुसती आयोडीन व्हॅल्यू दाखवणाऱ्याकडे फॅटी ॲसिडचा पूर्ण तक्ता मागा. 110 अंशांवर हवा सोडून करतात त्या ऑक्सिडेशन स्टॅबिलिटीच्या चाचणीत तेल किती तास टिकलं, तेही विचारा. आणि रिपोर्ट तुमच्याच बॅरलचा आहे का, बॅच नंबर जुळवून बघा. बॅरल उतरवतानाच पुरवठादाराच्या सहीने एक लिटर नमुना सीलबंद करून ठेवा. आमच्या तक्रारीचा सगळा आधार आज त्या बाटलीवर आहे, कारण तो माणूस आता फोन उचलत नाही.

टाकीत असं तेल आधीच असेल तर त्यात डिझेल ओतून पातळ करू नका. बायोडिझेलमध्ये विरघळून राहिलेला गोंद डिझेल मिसळलं की खाली बसतो आणि थेट फिल्टरवर येतो. टाकी पूर्ण रिकामी करून, आतून पुसूनच नवीन तेल भरा.