वर्ल्ड टाइम घड्याळ घेताय? आधी आपला अर्धा तास त्यात आहे का बघा

मुलगा सप्टेंबरात शिकायला कॅनडात सेंट जॉन्सला गेला, न्यूफाउंडलंड बेटावर, पार पूर्वेच्या टोकाला, आणि तेव्हापासून घरात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न, आत्ता तिकडे किती वाजले असतील. फोनमध्ये दिसतं, पण मला हातावर बघायची सवय, म्हणून दिवाळीत हे काट्यांचं वर्ल्ड टाइम घड्याळ घेतलं, साडेआठ हजाराला. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण जे सांगायचंय ते या प्रकारच्या बऱ्याच घड्याळांना लागू आहे.

दिसायला फार सुंदर आहे. बाहेरच्या रिंगवर २४ शहरं, आत २४ तासांची फिरणारी रिंग, दिवसाचे तास पांढरे आणि रात्रीचे निळे, आपलं शहर वर १२ च्या जागी आणून वेळ लावली की बाकी सगळीकडे किती वाजले ते एका नजरेत कळतं. चार महिन्यांत काचेवर ओरखडा नाही, वेळही चोख. पट्टा कडक होता, बदलून घेतला.

पण घरी आणून शांतपणे बघते तर रिंगवर मुंबई नाही, दिल्ली नाही, कोलकाता पण नाही! कराची आहे आणि तिला लागून थेट ढाका. दुकानात परत गेले तर ते म्हणाले मॅडम कराची लावा आणि अर्धा तास धरून चाला. मला खरंच वाईट वाटलं, एवढा मोठा देश आणि त्याला रिंगवर जागाच नाही म्हणजे काय, मग बसून वाचत गेले.

तर ही २४ खान्यांची कल्पना सँडफर्ड फ्लेमिंगची, हा कॅनडातला रेल्वे इंजिनियर. १८७६ मध्ये आयर्लंडला टाइमटेबलात ए.एम.च्या जागी पी.एम. छापलं गेल्यामुळे त्याची गाडी चुकली असं सांगतात, आणि १८७९ मध्ये त्याने टोरांटोत मांडलं की पृथ्वीचे १५-१५ अंशांचे २४ पट्टे करा, प्रत्येकात एक तासाचा फरक. त्याआधी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचं आणि रेल्वेवाल्यांचे हाल व्हायचे. १८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिका-कॅनडाच्या रेल्वे कंपन्यांनी आपणहून पट्टे लागू केले, सरकारचा कायदा अमेरिकेत आला तो १९१८ मध्ये. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत शून्य रेखांश ग्रीनिचचा ठरला, पण कुठल्या देशाने कुठली वेळ पाळायची हे तिथे ठरलंच नाही, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलं. माझ्या घड्याळात फ्लेमिंगचा कागदावरचा नकाशा आहे, जगाचा नाही.

आपल्याकडे तर तीन वेळा होत्या. मुंबईची ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, कोलकात्याची साधारण ५ तास ५३ मिनिटं, आणि रेल्वेची मद्रासवरून ५ तास २१ मिनिटं. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरची साडेपाच तासांची एकच वेळ आली. देश पूर्व-पश्चिम एवढा पसरलेला की दोन पट्टे करता आले असते, पण मधली एक घेतली, आणि मला तरी ते बरोबर वाटतं. मुंबईकरांनी मात्र सहज ऐकलं नाही, एकदम घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायचं म्हणजे सकाळी तेवढं लवकर उठायचं, त्यामुळे बॉम्बे टाइम शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. माझ्या आजीच्या लग्नपत्रिकेत, गिरगावातलं लग्न, मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ छापलंय, लहानपणी मला वाटायचं ते कुठल्यातरी हॉलचं नाव आहे. आता कळलं की ते ‘स्टँडर्ड टाइम’, म्हणजे देशाची नवी साडेपाच तासांची वेळ, आणि ते लिहिलं नसतं तर अर्धे पाहुणे अक्षता पडल्यावर पोचले असते.

आणि गंमत बघा, सेंट जॉन्स पण रिंगवर नाही, कारण तेही अर्ध्या तासावालं! तिथली सूर्याची वेळ ग्रीनिचच्या साडेतीन तास आणि वर ५२ सेकंद मागे, १९३५ मध्ये ते सेकंद काढून नुसते साडेतीन तास ठेवले. म्हणजे आपण साडेपाच पुढे, ते साडेतीन मागे, बेरीज पूर्ण नऊ तास. दोन्ही अर्धे एकमेकांत मिटले. हे वहीवर मांडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तर आमची युक्ती अशी, काटे आपल्या वेळेवर, १२ च्या जागी कराची, आणि मुलाची वेळ हॅलिफॅक्ससमोर वाचायची, कारण रिंगवर ते कराचीच्या बरोबर नऊ तास मागे आहे. रात्री आठला तिथे बरोबर ११ येतात, त्याचं पहिलं लेक्चर सुटलेलं असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, मग हॅलिफॅक्स सोडून शेजारच्या रिओसमोर बघायचं, नोव्हेंबरात परत हॅलिफॅक्स. लंडन-दुबईवाल्यांना हा जुगाड नाही, त्यांना रिंगवर दिसेल त्यातून अर्धा तास वजा करावाच लागेल.

बांधणीला पाचपैकी साडेचार, वर्ल्ड टाइम म्हणून दोनच. नेपाळमध्ये कोणी असेल तर घेऊच नका, तिथे पावणेसहा तास आहेत. त्यापेक्षा डिजिटल बघा आणि दुकानातच बटण दाबून दिल्ली आणि काठमांडू दोन्ही येतात का ते तपासा, मगच पैसे द्या.