साग, शिसवी आणि कोकोबोलो: पांढरा गोंद, पॉलियुरेथेन की एपॉक्सी?

तेलकट लाकडाचा सांधा सुटतो तेव्हा लाकूड सहसा फाटलेले नसते, गोंदाचा पापुद्रा एका बाजूवरून जसाच्या तसा निघून येतो. माझ्या एका शिसवीच्या पेटीचा कोपरा दुसऱ्या उन्हाळ्यात असाच उघडला. पापुद्र्यावर लाकडाच्या रेषांचा ठसा स्पष्ट उमटला होता, पण त्याला एकही तंतू चिकटलेला नव्हता. पट्ट्या रंधून मी आठवडाभर तशाच ठेवल्या होत्या आणि मग, हात फिरवून गुळगुळीत लागतात एवढ्याच भरवशावर, चिकटवल्या होत्या. चूक गोंदाची नव्हती, माझी होती.

सागात तेलकट द्रव्यांबरोबर रबरासारखा अंश आणि सिलिकाही असते. सिलिकेमुळे रंध्याची धार लवकर जाते, आणि बोथट पात्याखाली लाकूड कापले जाण्याऐवजी घासले जाऊन चकचकीत होते, म्हणजे दिसायला सुंदर आणि चिकटायला वाईट. शिवाय ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावरही आतले द्रव्य हळूहळू वर येत राहते. लाकडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो पसरून मुरला तर काम सोपे आहे. मण्यासारखा तसाच बसून राहिला, तर पाण्यावर आधारलेला गोंदही तसाच वर बसून राहील.

म्हणून कोणताही गोंद निवडला तरी पात्याला नवी धार लावून रंधावे, पांढरे सुती फडके अॅसिटोनमध्ये, म्हणजे तेल विरघळवून चटकन उडून जाणाऱ्या द्रवात, भिजवून सांध्याच्या दोन्ही बाजू पुसाव्यात आणि अॅसिटोन उडाल्याबरोबर, पंधरा-वीस मिनिटांच्या आत, गोंद लावून शिकंजा कसावा. शिसवीवर फडके जांभळट तपकिरी होते. शेजारी फिकट लाकडाची पट्टी असेल तर हा रंग तिच्यावर ओघळू देऊ नये. टर्पेंटाइन किंवा रॉकेल वापरू नये, कारण ते स्वतःच मागे तेलकट थर सोडतात. अॅसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या आणि विडी-सिगारेट दूर.

पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, स्वस्त आहे, ओला असताना पाण्याने पुसता येतो आणि प्रत्येक सुताराच्या हाताला सवयीचा आहे. त्यातले पाणी लाकडात शोषले गेले की तो घट्ट होतो, आणि तेलकट लाकूड नेमके तेच होऊ देत नाही. तरीही घरातल्या सागाच्या खुर्चीला किंवा कपाटाच्या चौकटीला, जिथे सांधा खाचेत घट्ट बसलेला असतो आणि निम्मा भार लाकूडच पेलते, तिथे वरची तयारी केलेली असल्यास मी आजही पांढराच गोंद वापरतो. फक्त शिकंजा रात्रभर ठेवतो. सततच्या ताणाखाली मात्र हा गोंद हळूहळू सरकतो, त्यामुळे वाकवून चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांसाठी तो नको.

पॉलियुरेथेन गोंद हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यावर घट्ट होतो. तेलाला तो पांढऱ्या गोंदापेक्षा कमी जुमानतो आणि पाण्यातही टिकतो. परंतु तो फुगतो, आणि सांध्यात फट असेल तर ती भरणारा फेस दिसायला भरीव असला तरी त्यात ताकद नसते. त्यामुळे सांधा चोख आणि शिकंजा कडक हवा. लाकूड फार कोरडे असेल तर एका बाजूवर ओले फडके अलगद फिरवावे लागते. हातमोजे नसतील तर बोटांवरचे काळे डाग बरेच दिवस जात नाहीत, आणि एकदा उघडलेली बाटली आमच्या पावसाळी हवेत फार काळ टिकत नाही. माझे मन या गोंदावर कधी बसले नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

एपॉक्सीला घट्ट होण्यासाठी ना पाणी शोषले जावे लागते ना ओलावा लागतो. राळ आणि हार्डनर यांची आपापसातील रासायनिक क्रियाच पुरते. बारीक फट तो भरून काढतो. शिकंजा मात्र हलका हवा, कारण जास्त दाबल्यास सगळा गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार टाळून चोवीस तास घेणारा घ्यावा, कारण पहिला पाण्यात आणि ताकदीत कमी पडतो. एपॉक्सी महाग आहे, मिसळताना प्रमाण चुकले तर कधीच नीट घट्ट होत नाही, आणि भर उन्हातल्या दाराचे तापमान साठ अंशांच्या आसपास गेल्यास साधा एपॉक्सी मऊ पडू लागतो. तिथे सांध्यात लाकडी खुंटी मारलेलीच बरी.

कोकोबोलो, लिग्नम व्हिटे यांसारखी मध्य अमेरिकेतली लाकडे सागाहूनही चिवट तेलकट असतात. सुरीच्या मुठीसाठी किंवा पेटीच्या झाकणासाठी असा तुकडा हाती आला असेल, तर एपॉक्सीखेरीज दुसऱ्या गोंदाचा विचार मी करणार नाही. अंगणातल्या सागाच्या बाकालाही तोच. उरलेल्या दोन तुकड्यांवर आधी चाचणी करावी: चिकटवून दोन दिवस ठेवावे आणि हातोड्याने तोडावे. लाकडाचे तंतू उपटून आले तर खऱ्या कामाला हात घालावा. पापुद्रा स्वच्छ सुटला तर पुन्हा रंध्याकडे वळावे.