नवी क्रूझर बाइक ‘रनिंग-इन करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात किल्ली देऊ नका

माझे ९९,४०० रुपये गेले आहेत. त्यातले ६५,५०० गाडीत बदल (मॉडिफिकेशन) करून देणाऱ्या गॅरेजवाल्याने घेतले आणि ३३,९०० त्याने केलेली नासधूस निस्तरण्यात गेले. पुण्यात सध्या नव्या क्रूझरवाल्यांना हेरून हे प्रकार चालू आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

पैसे काढण्याची पद्धत तुम्हाला माहीतच असेल. आधी ३५,००० आगाऊ, मग ‘इम्पोर्टेड सायलेन्सर कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून १८,५००, आणि गाडी नेताना १२,००० रोख. जीएसटीचं बिल हवं असेल तर १८ टक्के वर द्या, हेही ठरलेलं वाक्य. माझ्या बाबतीत नवीन होतं ते रनिंग-इनचं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला बेताने चालवून बसवून देण्याचं आमिष. “दादा, पहिले पाचशे किलोमीटर चुकीचे चालवले की इंजिन आयुष्यभर रडतं. आमचा माणूस शास्त्रशुद्ध चालवून देईल, पहिली सर्व्हिसिंग करून आणेल आणि त्याच खेपेत हँडल, बॅकरेस्ट, फॉग लाइट, सायलेन्सर सगळं बसवून देऊ.” मी रोज कंपनीच्या बसने जाणारा माणूस. नवी गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी होती. एका माहितगार मित्राने हेच गॅरेज सुचवलं होतं आणि तिथे तीन-तीन लाखांच्या गाड्या ओळीने लावलेल्या होत्या. अशा ठिकाणी कुणाचाही विश्वास बसला असता.

मला छळतो तो जॉब कार्डावरचा एक रकाना. पोराने गाडीचा नंबर लिहिला, चेसिस नंबर लिहिला, टाकीवरचा बारीक ओरखडासुद्धा लिहिला. ‘किलोमीटर’ या शब्दापुढची जागा मात्र कोरी ठेवली. मी ते पाहिलं, अगदी डोळ्यांनी पाहिलं. “मीटरचं रीडिंग राहिलं,” असं म्हणालोही. त्यावर मालक लगेच पुढे आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सर, गाडी आमच्याकडे आहे म्हणजे घरी आहे,” आणि चहा सांगून मला आतली एक बॉबर (मडगार्ड छाटलेली कस्टम बाइक) दाखवायला घेऊन गेला. परत आलो तोवर कार्ड फाटून माझी प्रत माझ्या हातात आली होती. मीटरवर तेव्हा २१२ होते. मला ते ठाम माहीत आहे, कारण येताना पंपावर पेट्रोल भरलं तेव्हा मी मीटरचा फोटो काढला होता. रात्री झोपताना अजून तो कोरा रकाना डोळ्यांपुढे येतो आणि मुठी वळतात.

गाडी रॅम्पवर उघडून ठेवल्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर येत होते. आणि एका सोमवारी चलानाचा मेसेज आला: विना हेल्मेट, ५०० रुपये, ठिकाण सातारा. खोट्या चलानांच्या लिंक फिरतात म्हणून आधी मी तो उडवूनच लावला. मग अधिकृत साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिलं. फोटोत माझीच गाडी होती. तिच्यावर दोन अनोळखी माणसं, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. म्हणजे माझी कोरी गाडी डबलसीट खंबाटकी घाट चढून आली होती आणि मला मात्र रॅम्पवरचे जुने फोटो पाठवले जात होते.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं: “सर, रनिंग-इन तर तुम्हीच सांगितलं होतं.”

याला रनिंग-इन म्हणत नाहीत. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या (बारीक घासकामाच्या) तिरप्या रेषा असतात, पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून नीट बसाव्या लागतात. त्यासाठी वेग सतत बदलता ठेवायचा, पिळायची नाही, हायवेवर तासन्‌तास एकाच आरपीएमवर (इंजिनच्या फेऱ्यांवर) पळवायची नाही, वरच्या गिअरमध्ये कण्हत चढ चढवायची नाही. हे कुणी पॅकेजमध्ये करून देत नाही. आपली गाडी आपणच चालवा, ऑफिसला न्या, भाजी आणायला न्या. पुस्तिकेत जे वेग दिलेत ते पाळा, आणि पहिली सर्व्हिसिंग वेळेत करा.

गाडी हातात आली तेव्हा मीटर १,३८६ वर होता आणि इंजिनचा दिवा पेटलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने गाडी वर घेतली तेव्हा एकेक बाहेर आलं. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात. माझा मूळ सायलेन्सर म्हणूनच ‘हरवला’. जो ‘इम्पोर्टेड’ बसवला होता त्याचं स्टिकर पेट्रोलच्या बोळ्याने निघालं. तसाच नाना पेठेत ३,२०० ला मिळतो. फॉग लाइटसाठी मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापून टेप गुंडाळली होती. मागचा टायर तर सरळ बदललेला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या नव्या गाडीवर तो ०९२१ निघाला. गाडी देण्याआधी दोन्ही टायरच्या आकड्यांचे फोटो काढा. काढलेला प्रत्येक पार्ट त्याच दिवशी घरी आणा, घरात जागा नसली तरी आणा.

खर्च: मूळ सायलेन्सर १४,८००, हार्नेस ९,७५०, टायर ४,६५०, सीट ४,२००, चलान ५००. वॉरंटीचं विचारलं तर शोरूमने हात वर केले. पहिली सर्व्हिसिंग चुकली, वायरिंग कापलं, विषय संपला. ज्या सेल्समनने गाडी घेताना ‘काही लागलं तर रात्रीही फोन करा’ सांगितलं, त्याने फोन उचलणंच बंद केलं.

आणि पोलीस. पहिल्या चौकीत सांगितलं, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत सांगितलं, पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. सायबरवाल्यांनी विचारलं, तुम्ही स्वतःच पाठवलेत ना, मग सायबर कसलं? पुन्हा चौकीत आलो तर, “ही दिवाणी बाब आहे. तुम्हीच दिलीत ना गाडी?” मी चलानाचा फोटो पुढे ठेवला, माझी गाडी न विचारता वापरली, पार्ट चोरले, हे विश्वासघाताचं प्रकरण आहे म्हटलं. त्यावर साहेबांनी मलाच कायदा ऐकवला: मॉडिफिकेशन बेकायदा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड होतो, तक्रार लिहून घेऊ का? हे एका लुटलेल्या माणसाला! रस्त्याच्या कडेला उघडपणे फाडफाड सायलेन्सर बसवून देणारी दुकानं यांना दिसत नाहीत, दंडाची धमकी मात्र फसलेल्याला. भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे, फसवणुकीसाठी ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं. उत्तर आलं, “वकील आहात का?”

शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तीही भांडून. तुम्हीही तोंडी तक्रार करून परत येऊ नका, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील नसला तरी चालतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. विमा कंपनीलाही बदल न कळवता गाडी चालवू नका, अपघात झाला तर दावा तिथेच अडेल.

रोख दिलेल्या १२,००० चा माझ्याकडे कागद नाही. त्या रकमेसाठी फक्त व्हॉट्सअॅपवरचं ‘सर बाकीचे कॅश आणा’ एवढंच आहे, ते चॅट मी एक्सपोर्ट करून ठेवलंय. ज्यांची गाडी आत्ता अशा एखाद्या गॅरेजमध्ये उभी आहे त्यांनी आज संध्याकाळीच न सांगता तिथे जा, मीटर बघा, टायरचे आकडे बघा, आणि गाडी जागेवर नसेल तर तिथूनच ११२ ला फोन लावा.