हस्कवर्ना 61 आणि 272: दोन्ही वापरल्यावर काय वाटलं, आणि घेताना ओळखायची कशी

हस्कवर्ना कंपनीच्या एक 61 आणि एक 272 एक्सपी, दोन्ही लाकूड कापायच्या पेट्रोल चेनसॉ, म्हणजे आपल्याकडं म्हणतात ती कटरं, सेकंडहँड घेऊन दिवाळीपासून वापरतोय. बांधावरच्या बाभळी, वाळलेला आंबा, वळवात रस्त्यावर आडवी झालेली झाडं, मिळेल ते काम केलंय. (उभं झाड असेल तर आधी परवानगीचा कागद बघा, नंतर मशीन.)

चालवायला कशी ते सांगतोच, पण आधी ओळखायचं बघू, कारण कोल्हापुरात जुनं कटर विकायला आलं की विकणाऱ्याच्या तोंडात ते दोनशे बहात्तरच असतं. 61, 266, 268 आणि 272 ही सगळी जवळजवळ एकाच बॉडीवरची, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन खालून वर जातो ते अंतर, चौघांचा 34 मिमी. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. 61 ला 48 मिमी म्हणजे 61.5 सीसी, 266 आणि 268 ला 50 म्हणजे 66.7, आणि 272 ला 52 म्हणजे 72.2 सीसी. खालचा भाग तोच म्हटल्यावर 61 वर 272 चा सिलिंडर-पिस्टन चढवता येतो, वरची कव्हरं पण इकडची तिकडं लागतात, मग नुसतं स्टिकर बघून पैसे मोजणं म्हणजे नंबरप्लेट बघून गाडी घेतल्यासारखं.

माझ्या 272 चं वरचं कव्हर कोरं करकरीत आणि बाकी मशीन घासून पांढरी पडलेली, तिथंच शंका आली. म्हटलं उघडून बघितल्याशिवाय व्यवहार नाही. उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या वर्कशॉपच्या भागात, नेली. मफलर काढला, त्यामागच्या धुराच्या भोकातून (पोर्ट) पिस्टन बघितला, उभे ओरखडे नव्हते. मग चार बोल्ट काढून सिलिंडर वर उचलला आणि बोअरला व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावलं, 52 भरलं. पिस्टनला लावलं तर थोडं कमीच दाखवतं, मधे क्लिअरन्स म्हणजे बारीक फट असतेय, त्यावरनं भांडत बसू नका. बसवताना बेस गॅस्केट नवीन टाकलं. विकणारा तोवर तोंड वाकडं करून चहा पीत होता.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, 281 चा बोअर पण 52 च आहे. तिचा स्ट्रोक 38, म्हणून ती 80.7 सीसीची. शेजारी ठेवली तर अंगानं मोठी कळते, व्हॉट्सॲपवरच्या फोटोत नाही कळत. सिलिंडर काढलेलाच असेल तर फ्लायव्हील हातानं फिरवून पिस्टन खालून वर किती येतोय ते मोजा, 34 का 38 लगेच समजतं. 266 आणि 268 मध्ये मात्र दोन्ही मापं एकच, तिथं व्हर्निअर हात टेकतं.

आता वापराचं. हातात दोन्ही जवळपास सारख्याच जड, त्यामुळं 61 घेतली म्हणून हलकी मिळते असं काही नाही. दोन्हीला 18 इंची बार (साखळी फिरते ती पट्टी) लावलाय. फांद्या मारायला काडीचा फरक नाही. ओल्या बाभळीच्या बुंध्यात बार पूर्ण आत गेला की 61 दमते, हात जरा सैल सोडावा लागतो, आणि 272 वर दाबून धरलं तरी खेचत जाते, तिथं खरं लई बरं वाटतं.

एच स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरचा फुल रेसला पेट्रोल कमीजास्त करायचा स्क्रू, कानानं लावायचा. फुल रेसवर मोकळी असताना थोडी गुरगुरली पाहिजे आणि लाकडाला टेकली की आवाज साफ व्हायला पाहिजे. मोकळी असतानाच शिट्टीगत किंचाळत असेल तर पेट्रोल कमी मिळतंय, पिस्टन धरणार म्हणजे जाम होणार. 61 ची 272 केलेल्या मशीनला सेटिंग परत करावंच लागतं आणि तेच कोण करत नाही. अजून एक, सिलिंडरला आतनं कडक कोटिंग असतं, मोटरसायकलसारखं रिबोअर करून देतो म्हणणारे भेटतील, करू नका.

तक्रार म्हणाल तर दोन्ही पेट्रोल पितात आणि अँटीव्हायब्रेशनची रबरं जुनी असतील तर संध्याकाळी बोटं सुन्न होतात. ती आल्या आल्या बदला.

घ्यायची असेल तर आपल्याकडच्या बहुतेक कामाला 61 पुरते. रोज जाड बुंधे असतील तरच 272 चे जादा पैसे द्या, आणि समोरचा सिलिंडर उघडू देत नसेल तर स्टिकर कुठलं पण असू दे, 61 चाच भाव सांगायचा.